पिग आयर्नचा निर्णय शनिवारी संध्याकाळी कळतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिथियम, कोबाल्ट, दुर्मीळ मृदा धातू यांच्यावर सध्या वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून येते. केंद्राने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली, जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि वाहन कंपन्या हवालदिल झाल्या. हे सगळे मी बारकाईने वाचते, कारण वाहनांची लाइन अडखळली की थोड्याच दिवसांत आमच्या हातातले ऑर्डरींचे शेड्यूल कमी होते. पण आमच्या भट्टीत रोज जो माल पडतो, म्हणजे पिग आयर्न (झोत भट्टीत लोहखनिजापासून बनणारे कच्चे लोखंड) आणि भंगार, तो त्या यादीत नाही. त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची लहान फौंड्री आहे. सासऱ्यांनी सुरू केली, पतींनी वाढवली. २०१६ साली पती गेले, तेव्हापासून मी चालवते. त्याआधी पंधरा वर्षे मी फक्त हिशेब लिहीत होते. पाचशे किलोची इंडक्शन भट्टी, बावीस माणसे, ट्रॅक्टरचे आणि पाण्याच्या पंपाचे बिडाचे सुटे भाग एवढा आमचा पसारा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात आमच्यासारख्या आणि आमच्याहून कितीतरी मोठ्या अशा शेकडो फौंड्रीज आहेत. देशात धावणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टर-ट्रकांच्या पोटात कोल्हापूरचे बीड आहे.

एका हीटला, म्हणजे एका वितळणीला, भट्टीत काय पडते ते सांगते. पत्र्याचे, सळीचे भंगार, मशीनशॉपमधून येणारे बोअरिंग म्हणजे लोखंडी कीस, आमचेच परत आलेले रनर-रायझर म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेले लोखंड, थोडे फेरोसिलिकॉन, थोडा कार्बन, आणि पिग आयर्न. पिग आयर्न वजनाने सगळ्यांत जास्त नसते, पण घराला जशी पायाची चार दगडं लागतात तसे ते लागते. त्यात कार्बन चार टक्क्यांच्या आसपास ठरलेला असतो आणि नको ते धातू त्यात फारसे नसतात. भंगारात काय काय मिसळलेले आहे ते ट्रक उतरवून घेतला तरी नेमके कळत नाही. पिग महाग झाले म्हणून ते कमी केले आणि भंगार वाढवले की रस वरवर तसाच दिसतो, साच्यात जातोही तसाच. फरक कळतो तो गिऱ्हाइकाच्या मशीनवर. टूल तुटते, किंवा पृष्ठभागाखाली भोके निघतात. मग सगळा लॉट डेबिट नोटसह, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या कागदासह, परत येतो.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आमचा एक अख्खा लॉट असाच परत आला. आमचा मेल्टर तीस वर्षांचा अनुभवी माणूस. त्याने मला आधीच सांगितले होते, "वहिनी, पिग एवढं कमी करू नका." मी ऐकले नाही, कारण पिग घ्यायला पैसेच पुरत नव्हते.

त्या वर्षी काय घडले ते आठवून पाहा. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांना लागणाऱ्या आयात पिग आयर्नचा निम्म्याहून जास्त हिस्सा या दोन देशांतून जात असे. मारिउपोलचे कारखाने बंद पडले, रशियाचा माल अडला, आणि तिकडचे खरेदीदार ब्राझीलकडे, भारताकडे वळले. आपल्याकडच्या उत्पादकांना बाहेर चांगला भाव मिळू लागला. तो त्यांनी घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण इकडे माझ्या खरेदीच्या वहीत जानेवारीत किलोला पन्नास रुपयांच्या आत असलेला भाव एप्रिलमध्ये साठच्या पुढे गेला. मार्चमध्ये तर पुरवठादार सकाळी भाव सांगायचा आणि "संध्याकाळपर्यंतच धरा" असे म्हणायचा. पैसे आगाऊ, माल आठवड्याने. आमचे गिऱ्हाईक मात्र मागच्या तिमाहीच्या सरासरीवर आम्हाला दर देणार आणि बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे महाग माल आज घ्यायचा आणि जुन्या दराने विकायचा.

१७ मे रोजी मी बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा संपवून अठरा टन पिग घेतले. आणखी वाढेल या भीतीने घेतले. २१ मे हा शनिवार होता. संध्याकाळी दूरदर्शनवर पेट्रोल-डिझेलवरचा अबकारी कर कमी झाल्याची बातमी चालू होती, त्याच बातमीत खाली एक ओळ आली: लोहखनिजावर ५० टक्के, पेलेटवर (खनिजाच्या गोळ्यांवर) ४५ टक्के, पिग आयर्न आणि पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क, उद्यापासून. कोकवरचे, म्हणजे भट्टीसाठी भाजून केलेल्या दगडी कोळशावरचे, आयात शुल्क शून्य. मी मुलाला हाक मारून ती ओळ वाचायला लावली.

त्यानंतर भाव उतरले. आम्हाला दिलासा मिळाला, हे मी नाकारत नाही. पण माझ्या अंगणात ते अठरा टन महाग पिग पडून होते, आणि भाव उतरल्याबरोबर गिऱ्हाइकाचे दर कमी करण्याचे पत्र आले. दर वाढवून मागताना तीन महिने लागतात. कमी होताना लागत नाहीत. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस मी दोन हप्त्यांत दिला. आमच्याकडे असे पहिल्यांदा झाले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे १९ नोव्हेंबरला तेच शुल्क उठले, पुन्हा रातोरात. कोकवरचे आयात शुल्क पुन्हा बसले. मधल्या सहा महिन्यांत पोलादवाल्यांचेही हाल झाले. २०२१-२२ मध्ये देशातून सुमारे १ कोटी ३५ लाख टन तयार पोलाद बाहेर गेले होते, पुढच्या वर्षी ते जवळपास निम्म्यावर आले. त्यांनी वर्षानुवर्षे जोडलेली परदेशी गिऱ्हाइके तुटली असतील. त्यांचे दुःख मला कळते, कारण एक गिऱ्हाईक जोडायला किती चकरा माराव्या लागतात ते मला ठाऊक आहे. तेव्हा निर्यात बंद करा, माल आम्हालाच स्वस्तात द्या, अशी माझी मागणी नाही. दोन्ही वेळा निर्णय अचानक झाला, आणि शेवटी माल वापरणाऱ्याला कोणी विचारले नाही, ही माझी तक्रार आहे.

सासरे सांगायचे त्या काळात तर सगळेच सरकार ठरवत असे. पिग आयर्नला परमिट लागायचे, कोकला कोटा. ते मुंबईला जाऊन दोन-दोन दिवस बसायचे. ज्यांच्याकडे भट्टीच नाही अशांच्या नावावरही कोटा असायचा आणि तो माल काळ्या बाजारात यायचा. जानेवारी १९९२ मध्ये लोखंड-पोलादाच्या किमतीवरचे आणि वाटपावरचे नियंत्रण उठले, तेव्हा सासऱ्यांनी फौंड्रीत पेढे वाटले होते. मला परमिटचा काळ परत नको.

मात्र त्याच काळात भाडे-समानीकरणाचे धोरणही होते. खाणीपासून कितीही लांब असलात तरी लोखंड, कोळसा साधारण एकाच भावात मिळायचा. कोल्हापूरला ना लोहखनिज, ना कोळसा; तरी इथे इंजिनांचा आणि बिडाचा धंदा वाढला, त्याला त्या धोरणाचा हातभार लागला असे सासरे म्हणायचे. बिहार, बंगाल, ओडिशाने त्याची किंमत मोजली. खाणी त्यांच्या आणि कारखाने आमच्याकडे. १९५२ पासून १९९३ पर्यंत हे चालले. आज आम्ही न्याय्य वाट्याची भाषा बोलतो तेव्हा हे विसरता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

गोव्याचेही तसेच. आमचे पिग गोव्याहून आणि कर्नाटकातल्या कोप्पळकडून येते. २०११ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतल्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातल्या. बेकायदा उत्खनन थांबायलाच हवे होते. डोंगर, शेते, विहिरी ज्यांच्या खराब झाल्या त्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. पण डिचोली-साखळीकडचे ट्रकवाले कर्जाचे हप्ते भरता भरता बुडाले, आणि इकडे आमच्या पिगचा भरवसा गेला. गोव्याचे हलक्या प्रतीचे खनिज वर्षानुवर्षे चीनला जात होते. आजही ५८ टक्क्यांहून जास्त लोह असलेल्या खनिजावर ३० टक्के निर्यात शुल्क आहे आणि त्याखालच्या प्रतीवर काहीच नाही. हलके खनिज इथेच धुऊन, गोळ्या करून वापरता येते. त्याला पैसा आणि वीज लागते. ते करणाऱ्याला आधार द्यायचा की खनिज तसेच बोटीत भरू द्यायचे, याचा निर्णय दहा वर्षांसाठी एकदाच व्हावा.

आता कोक. २६ डिसेंबर २०२४ रोजी अधिसूचना निघाली आणि १ जानेवारीपासून कमी राखेच्या कोकच्या आयातीला देशवार मर्यादा लागली. आधी सहा महिने, मग आणखी सहा महिने. देशातल्या कोक भट्ट्यांना स्वस्त आयातीपासून वाचवायचे होते, ते समजते. पण आठवड्याभराच्या मुदतीत कोणता कारखानदार नवा पुरवठादार शोधेल? माझी भट्टी विजेची आहे, मला थेट कोक लागत नाही. माझ्या शेजाऱ्यांची क्युपोला ही उभी भट्टी मात्र कोकवरच चालते. आणि ज्या झोत भट्टीत पिग बनते तिलाही कोकच लागतो. म्हणजे कोक अडला की तो पिगच्या भावातून माझ्यापर्यंत येतोच. दिल्लीत हे दोन विषय दोन वेगळ्या खात्यांचे असतील. शिरोलीत ते एकाच भट्टीत पडतात.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पिग आयर्न, कोक, भंगार यांच्या आयात-निर्यातीवर शुल्क किंवा मर्यादा आणण्याआधी कोल्हापूर, बेळगाव, राजकोट, कोइमतूर अशा फौंड्रीच्या गावांत एक-एक जाहीर सुनावणी घ्यावी. निर्णय झाल्यावर तो लागू व्हायला निदान साठ दिवस द्यावेत, आणि तो कधी तपासला जाणार ती तारीख त्याच कागदावर लिहावी. तातडीची वेळ असेल तर आधी केलेले सौदे वगळावेत. हा नियम पोलादवाल्यांनाही लाभेल आणि आम्हालाही.

दुसरी गोष्ट लहान लॉटची. सार्वजनिक क्षेत्रातले पोलाद कारखाने पिग आयर्न विकतात, पण लिलावातला लॉट आमच्या ऐपतीच्या बाहेरचा असतो. मग मोठा व्यापारी तो घेतो आणि त्याच्याकडून आम्ही दहा-वीस टन घेतो, त्याच्या भावाने. एका ट्रकाइतका लॉट करून कोल्हापुरात डेपोवर विकला तर मधला भाव आमच्या कामगारांच्या पगारात जाईल. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाची कच्चा माल साहाय्य योजना आहे. ती बँक हमीवर चालते, आणि हमीसाठी पुन्हा तारण लागते. माझे घर आधीच भट्टीच्या कर्जाला तारण आहे. पाच-दहा फौंड्रीजनी एकत्र येऊन हमी दिली तर ती चालावी, एवढी सुधारणा करता येईल. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या या जिल्ह्याला एकत्र येणे शिकवावे लागणार नाही.

शेवटी भंगाराबद्दल, कारण त्याची तारीख ठरलेली आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कचरा-वाहतुकीचा नवा कायदा केला. त्यानुसार २१ मे २०२७ पासून कचरा या वर्गात मोडणारे लोखंडी भंगार त्यांच्या मान्य यादीतल्या देशांनाच मिळेल. श्रीमंत देशांच्या संघटनेत नसलेल्या प्रत्येक देशाला त्या यादीत नाव लावून घ्यावे लागेल. युरोपला स्वतःच्या भट्ट्यांसाठी भंगार घरात ठेवायचे आहे, अशी मागणी तिथल्या पोलादवाल्यांनी उघडपणे केलेली आहे. मी युरोपचे भंगार विकत घेत नाही. पण बंदरावर येणारे भंगार कमी झाले की मोठे कारखाने देशातले भंगार उचलतात, आणि मग आमच्या सांगली नाक्यावरच्या भंगारवाल्याचा भावही त्याच दिवशी चढतो. तो परवाच मला विचारत होता की पुढच्या वर्षीचा सौदा कसा करायचा. यादीत भारताचे नाव लागण्याचे काम कुठवर आले, हे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने मराठी वर्तमानपत्रातून सांगावे. म्हणजे मी त्याला उत्तर देऊ शकेन.

आपली,
एक फौंड्रीचालक
शिरोली, जि. कोल्हापूर