डी ची पुडी पोट उतरवायला नाही

संपादक महोदय,

मी मेडिकल चालवते. काउंटरवर रोज पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका येतात, हातात फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट, त्यात व्हिटॅमिन डी कमी, 11 नाहीतर 14, आणि म्हणतात ताई ती दुधात टाकायची साठ हजार युनिटची डी ची पुडी द्या, डी वाढलं की पोट उतरतं म्हणे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असतं, आणि त्या बिचाऱ्या मनापासून विश्वास ठेवतात.

खरं तर गणित उलटं आहे. डी चरबीत विरघळतं, अंगात चरबी जास्त असली की ते तिथेच मुरतं आणि रक्तात कमी दिसतं. 2000 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सगळ्यांना सारखेच अतिनील किरण दिले तरी जाड लोकांच्या रक्तातलं डी बारीक लोकांच्या निम्म्यानेही वाढलं नाही. म्हणजे वजनामुळे डी कमी, डी कमी म्हणून वजन नाही. 2014 मध्ये तिथलाच अजून एक अभ्यास आला, पाळी गेलेल्या, वजन जास्त आणि डी कमी असलेल्या 218 बायकांना वर्षभर डाएट आणि व्यायाम दिला, अर्ध्यांना सोबत रोज 2000 युनिट डी, अर्ध्यांना नुसती खोटी गोळी, तर दोन्हीकडे वजन साधारण सात किलोच उतरलं. उतरलं ते डाएट-व्यायामाने!

याचा अर्थ डी घेऊच नका असा अजिबात नाही. हाडांसाठी ते लागतंच, फारच कमी असेल तर मांड्यांतली ताकद जाते, खाली बसलेल्या बाईला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. वजन जास्त असेल तर डोसही बऱ्याचदा जास्त लागतो, म्हणून तो डॉक्टरांनीच ठरवायचा. पण साठ हजारची पुडी बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, काही आठवडेच असते, आणि काहीजणी ती रोज घेतात, काही महिनोन् महिने घेतात, मग रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, अगदी किडनीपर्यंत त्रास जाऊ शकतो. याची मला खरंच काळजी वाटते.

पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, चरबी कमरेखालून पोटावर येते आणि स्नायू झिजतात, त्यामुळे काट्यावर वजन तेवढंच दिसलं तरी आतून शरीर बदललेलं असतं. काट्यापेक्षा टेप बरा, आपल्याकडच्या बाईची कंबर 80 सेंटीमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायला हवं. आणि नुसतं चालून भागत नाही, उठाबशा, थोडं वजन उचलणं, ताटात डाळ, उसळ, दही, अंडं हे पाहिजेच. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईच्या ताटात नेमकं हेच नसतं.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हे एकदा सविस्तर छापा, आणि डॉक्टरांनाही विनंती आहे, चिठ्ठीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, आठवड्यातून एक आणि कधी थांबवायची ती तारीख.

आपली,
एक फार्मासिस्ट, सातारा जिल्हा