अलोन्सोच्या पुढच्या वर्षीचा चॅम्पियन कोण?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला स्पेनच्या मोटर रेसिंगवरचा लेख वाचला, लेख मस्तच जमलाय त्याबद्दल वाद नाही, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसता फॉर्म्युला वनवाला फर्नांडो अलोन्सो, अलोन्सो आणि अलोन्सो! अहो मी पण त्याचा फॅन आहे, माझ्या बाईकवर अजून त्याचा स्टिकर आहे. तरी एक गोष्ट टोचली म्हणून हे पत्र टाइप करतोय.

तुम्ही लिहिलंय की १९९९ ला अलोन्सोने निस्सानची ती सिंगल सीटर (एकच सीट असलेल्या रेसिंग गाड्यांची) सिरीज जिंकली आणि तिथून तो वर गेला. बरोबर आहे. पण त्याच्या आधीच्या वर्षी, १९९८ ला, ती मार्क जेनेने जिंकली होती आणि पुढच्या वर्षी, म्हणजे २००० ला, माद्रिदच्या अँटोनिओ गार्सियाने. ओळीने तीन वर्षं तीन स्पॅनिश पोरं, आणि पुढे तिघांनीही ले मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या रेसला, पोडियमची सगळ्यात वरची पायरी गाठली. जेने २००९ ला, अलोन्सो २०१८ आणि २०१९ ला, हे दोघं ओव्हरऑल, म्हणजे सगळ्या गाड्यांत पहिले. गार्सिया आपल्या क्लासमध्ये तीनदा, २००८, २००९ आणि २०११. आता तुमच्या लेखात जेनेला अर्धी ओळ आणि गार्सियाला शून्य, हे काय पटत नाही बुवा.

तुम्ही म्हणाल क्लास विन म्हणजे काय, पहिला तर आला नाही ना. इथेच तर सगळा घोळ आहे. ले मान्सला एकाच ट्रॅकवर एकाच वेळी वेगवेगळ्या क्लासच्या गाड्या धावतात, पुढे प्रोटोटाइप, म्हणजे खास रेससाठीच बनवलेल्या गाड्या, आणि त्यांच्या पायात पायात जीटी, म्हणजे आपण शोरूमबाहेर बघतो तशा दिसणाऱ्या गाड्या. साडेतेरा किलोमीटरची एक लॅप, रात्रीचा काळोख, आरशात प्रोटोटाइपचे लाइट डोळ्यावर येतायत, त्याला जागा द्यायची आणि तरी आपल्या क्लासमधल्या समोरच्याला सोडायचं नाही. चोवीस तास. ओव्हरऑलमध्ये तुम्ही पंधरावे आलात तरी आपली लढाई जिंकलेली असू शकते, पण टीव्हीवाला कॅमेरा पुढच्याच गाडीवर असतो त्याला कोण काय करणार.

दुसरं म्हणजे हा एकट्याचा खेळच नाही. एका गाडीला तीन ड्रायव्हर. पिटमध्ये गाडी थांबली की दार उघडतं, आतला बाहेर पडतो, दुसरा आत घुसतो, आणि नुकताच उतरलेला माणूस, घामाने निथळत असतो तरी वाकून त्याचे बेल्ट लावून देतो. पालखीला कसा खांदा बदलतात ना, पालखी खाली टेकत नाही, अगदी तसं. मग पेपरात छापायचं कोणाचं नाव? म्हणून बहुतेक कोणाचंच छापत नसावेत.

आता गार्सियाचं बघा. २००८ ला तो अॅस्टन मार्टिनच्या ००९ नंबरच्या गाडीत होता, सोबत ब्रॅबहॅम आणि टर्नर. त्यांनी जीटी१ या जीटी गाड्यांच्या क्लासमध्ये अमेरिकन कॉर्व्हेटला दुसऱ्या नंबरवर ठेवलं. आणि पुढच्याच वर्षी हा पठ्ठ्या त्याच कॉर्व्हेटमध्ये! ज्या ओकॉनेल आणि मॅग्नुसेनला हरवलं त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसला आणि परत जिंकला. (हा मॅग्नुसेन म्हणजे फॉर्म्युला वनवाल्या केव्हिनचा बाप, यान.) त्याच २००९ च्या जानेवारीत अमेरिकेतली अशीच रेस, डेटोनाचे २४ तास, पण ओव्हरऑल जिंकून झाले होते, ते पण किती फरकाने, तर ०.१६७ सेकंद! चोवीस तास चालवून पापणी लवायच्या आत निकाल. शेवटी गाडीत गार्सियाचा जोडीदार डेव्हिड डोनोह्यू होता आणि मागे दुसऱ्या गाडीत मोंतोया, त्यामुळे फोटो डोनोह्यूचा आला. परत तेच.

त्यानंतर कॉर्व्हेट आणि गार्सिया हे समीकरणच झालं. अमेरिकेतल्या स्पोर्ट्सकार रेसिंगमध्ये जीटी क्लासात मॅग्नुसेनसोबत २०१३, २०१७ आणि २०१८ ची चॅम्पियनशिप, मग जॉर्डन टेलरसोबत २०२० आणि २०२१. मला सगळ्यात भारी वाटतं ते २०१८ चं. अख्ख्या सीझनमध्ये एकही रेस जिंकली नाही आणि तरी चॅम्पियन! माझा ऑफिसमधला मित्र म्हणाला हा काय फालतूपणा, मी म्हटलं अरे प्रत्येक वेळी गाडी धड परत आणणं आणि पॉइंट खिशात घालणं हे जिंकण्यापेक्षा सोपं वाटतं का तुला? तो अजून मानत नाही तो भाग वेगळा.

आणि आपला संबंध नाही असं पण नाही. २००९ च्या ले मान्सला आपला नारायण कार्तिकेयन पण होता, ऑडी होती हातात, आणि रेस सुरू व्हायच्या जरा आधी पिट वॉलवरून पडून खांदा निखळला. गाडी बाकीच्या दोघांनीच चालवली, सातवी आली. आज आठवलं तरी चुकचुकायला होतं, आणि पेपरात तेव्हाही कोपऱ्यातच बातमी होती.

तर विनंती एवढीच, जूनमध्ये ले मान्स शनिवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि रविवारी साडेसातला संपते, म्हणजे सोमवारच्या अंकाला भरपूर वेळ असतो. ओव्हरऑलच्या खाली प्रत्येक क्लासचे तिन्ही ड्रायव्हर छापा, चार ओळी लागतील. जागा नसेल तर शेजारचं राशिभविष्य एक दिवस थांबवा, माझी काही हरकत नाही.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक