कॅमेऱ्याचे डाग ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेले, तेव्हा "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय संपवलात. मला तो तसा संपवायचा नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं आणि तुमच्या मायक्रोस्कोप केंद्राचं नाव न घालण्याची अट पाळली आहे. पण तुम्ही काय सांगितलंत ते मात्र सविस्तर लिहिणार आहे. माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी आज दुसऱ्या शहरात घेतलेला क्रायो-ईएमचा (गोठवलेल्या प्रथिनांची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने चित्रं घेण्याच्या तंत्राचा) डेटा हार्ड डिस्कवरून आपल्या गावी आणतात आणि कॅमेरा कधी डोळ्यांनी न पाहताच त्याच्या चित्रांवर काम करतात. त्यांना ते कुणीतरी सांगायला हवं.

आमच्या एन्झाइमचा डेटा चांगला होता. प्रथिन ज्यात गोठवतात तो बर्फ पातळ होता, कण म्हणजे प्रथिनाचे सुटे रेणू स्वच्छ दिसत होते, फोकसही ठीक होता. तरी त्रिमितीय नकाशा एका जागी अडला होता. अल्फा हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मळसूत्री भाग, ओळखू यायचे, पण अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या काही केल्या उमटत नव्हत्या. ज्याला विचारावं तो नमुन्याकडे बोट दाखवत होता. प्रथिन लवचीक असेल, बर्फाच्या पृष्ठभागाशी चिकटून उलगडत असेल, शुद्धीकरण पुन्हा करा. हे सगळं शक्य असतंच. म्हणून तर अशा वेळी विद्यार्थी पुन्हा कोल्ड रूममध्ये जातो आणि महिने तिथेच जातात.

तुम्ही नमुन्याबद्दल एक शब्द विचारला नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "सगळ्या मूव्हींची, अलाइन न करता, नुसती बेरीज करून पाहिलीस का?"

या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. मूव्ही म्हणजे एकाच जागेच्या पाठोपाठ घेतलेल्या फ्रेमची मालिका, आणि अलाइन करणं म्हणजे त्या फ्रेम हालचाल मोजून एकमेकींवर बसवणं. प्रत्येक मूव्हीत कण वेगळ्या जागी असतात. हजारो मूव्ही एकमेकींवर ठेवल्या की कण पुसले जातात, बर्फ पुसला जातो, आणि उरतं ते फक्त जे प्रत्येक चित्रात त्याच जागी आहे. म्हणजे कॅमेरा. दुरुस्ती नीट झाली असेल तर ही बेरीज जवळजवळ सपाट, करडी दिसायला हवी. आमची दिसली नाही. तिच्यात सेन्सरच्या तुकड्यांच्या कडा होत्या, ठिपके होते, एक सरळ उभी रेघ होती. आणि तुम्ही लगेच दाखवलंत की जवळजवळ प्रत्येक काळ्या डागाला एक पांढरा जोडीदार आहे, चित्राच्या आडव्या मध्यरेषेच्या पलीकडे, आरशात पाहावं तसा.

त्यातच उत्तर होतं. कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल सारखा संवेदनशील नसतो. म्हणून ग्रिड, म्हणजे नमुन्याची जाळी, बाजूला काढून, नुसत्या एकसारख्या इलेक्ट्रॉनांच्या बीमचं चित्र घेऊन गेन रेफरन्स बनवतात. जो पिक्सेल कमी दाखवतो त्याला एकापेक्षा मोठ्या आकड्याने गुणायचं, जो जास्त दाखवतो त्याला लहान आकड्याने. बीम बंद असताना घेतलेला डार्क रेफरन्स त्याआधी वजा झालेला असतो. पण गेनची फाइल उलटी बसली, तर मंद पिक्सेल मंदच राहतो आणि त्याच्यासाठी ठेवलेला मोठा आकडा भलत्याच चांगल्या पिक्सेलला लागतो. एक डाग काळा, दुसरा पांढरा.

फाइल उलटी कशी होते, हेही तुम्ही कुणाला दोष न देता समजावलंत. एमआरसी आणि टिफ हे चित्र साठवण्याचे दोन प्रकार. एमआरसी फाइलमध्ये पहिली ओळ चित्राच्या तळाची धरतात, टिफमध्ये माथ्याची. गेन एका प्रकारात, मूव्ही दुसऱ्या प्रकारात, मध्ये दोन-तीन प्रोग्राम, एवढं पुरतं. गेन फिरवण्याचे आणि उलटवण्याचे पर्याय फ्रेम बसवणाऱ्या मोशनकॉर-२ या प्रोग्राममध्ये आहेत, नकाशा बनवणाऱ्या रेलायनमध्ये आहेत, पण ते कधी वापरायचे हे प्रोग्राम सांगत नाही. चौरस सेन्सर असेल तर फाइल बसवण्याच्या आठ तऱ्हा होतात. आयताकृती सेन्सरवर नव्वद अंशांनी फिरवलेली फाइल मापातच बसत नाही, म्हणून चारच उरतात. चारही लावून बघायच्या आणि जिच्या बेरजेत चढउतार सगळ्यात कमी, ती खरी. शिवाय काही कॅमेऱ्यांच्या गेनने गुणायचं असतं, काहींच्या गेनने भागायचं. ते उलटं झालं तर डाग जाण्याऐवजी अधिकच गडद होतात.

आता इथे मी एक शंका काढली होती, आणि तुम्ही तिला जो वेळ दिलात तो मला फार मोलाचा वाटतो. कण तर चित्रभर विखुरलेले असतात, वेगवेगळ्या कोनांत पडलेले असतात. लाखभर कणांची सरासरी काढताना कॅमेऱ्याचे डाग आपोआप विरून जायला नकोत का?

विरतातही. नुकसान त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. बीम पडताच बर्फ आणि त्यातले कण हलतात, पहिल्या काही फ्रेममध्ये सगळ्यात जास्त. ती हालचाल मोजून फ्रेम एकमेकींवर बसवणं हेच मोशन करेक्शनचं काम. पण एका फ्रेममध्ये एका पिक्सेलवर जेमतेम एखादा इलेक्ट्रॉन पडलेला असतो. इतक्या अंधुक चित्रात कणांची खूण फार क्षीण, आणि कॅमेऱ्याचा ठसा मात्र प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी, तितकाच ठळक. चष्म्याच्या काचेवर डाग असला की समोरचं दृश्य हललं तरी डाग जागचा हलत नाही. प्रोग्रामला डागच जास्त स्पष्ट दिसतो आणि तो सांगतो, काहीही हललेलं नाही. आमच्या हालचालीचे आलेख संशय यावा इतके सपाट होते. नमुना धरणारी स्टेज स्थिर असल्याची खूण म्हणून ते कुणीही वाचले असते. प्रत्यक्षात फ्रेम बसवल्याच गेल्या नव्हत्या. कण हलत होते आणि त्यांचा बारीक तपशील त्या हलण्यात पुसला जात होता.

गेन सरळ झाल्यावरही ती उभी रेघ उरली. तिच्यासाठी तुम्ही एका चित्राचा एफएफटी, म्हणजे त्यातल्या आवर्तनांचा नकाशा, उघडायला लावलात. मध्यातून आडवी जाणारी उजळ पट्टी दिसली, आणि उभ्या रेघेची छाया एफएफटीत आडवी पडते हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. गेन रेफरन्स घेतल्यानंतर सेन्सरचा एक स्तंभ निकामी झाला होता. थेट इलेक्ट्रॉन झेलणारा डिटेक्टर असा हळूहळू झिजतोच. मेलेल्या पिक्सेलला कितीही गुणलं तरी त्यात माहिती येत नाही. तो दोषांच्या यादीत घालावा लागतो आणि फ्रेम सरकवण्याच्या आधीच शेजारच्या पिक्सेलवरून भरावा लागतो. नंतर भरायला गेलं तर सरकलेल्या फ्रेमांबरोबर त्याचा ओघळ झालेला असतो. भरताना शेजाऱ्यांची सरासरी टाकली तर तेवढी जागा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत होते आणि रेघ वेगळ्या रूपात शिल्लक राहते. म्हणून जवळच्या एखाद्या चांगल्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा, कोणताही नेम न धरता उचलावा. आणि सुपर-रिझोल्यूशनमध्ये (प्रत्येक पिक्सेलचे दोन्ही दिशांना दोन भाग करून) घेतलेल्या चित्रांसाठी यादीतले पत्ते दुप्पट करावे लागतात. हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता बोललात, पण ते कळलं नसतं तर आमची यादी भलत्याच पिक्सेलना दोषी ठरवत राहिली असती.

डागांचा हा त्रास जुनाच आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. सीसीडी कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉन आधी चकाकणाऱ्या पडद्यावर आदळत, तिथला प्रकाश काचतंतूंच्या जुडग्यातून चिपपर्यंत पोहोचे, आणि त्या जुडग्याची षटकोनी जाळी चित्रात उतरायची. भरकटलेल्या एक्स-रेंचे पांढरे ठिपके वेगळेच. ते पुसायला आयमॉड या सॉफ्टवेअरमध्ये खास प्रोग्राम आहे. मग रिचर्ड हेंडरसन आणि इतरांनी ज्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला ते थेट डिटेक्टर आले, २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्रायो-ईएमला मिळालं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं की कॅमेऱ्याचा प्रश्न सुटला. तुम्ही मला २०१५ चा 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधला पावेल अफनासियेव्ह, मारिन व्हॅन हील आणि सहकाऱ्यांचा लेख वाचायला दिलात. गोळा झालेल्या चित्रांच्या ढिगातूनच प्रत्येक पिक्सेलची सरासरी आणि विचलन काढून कॅमेरा मागाहून दुरुस्त करता येतो, असं त्यात दाखवलं आहे. तुमच्या त्या पहिल्या प्रश्नामागचा विचार मला तिथे सापडला.

आणि गेन घेताना घाई का करू नये, तेही तुम्ही समजावलंत. पिक्सेलमागे सरासरी १०० इलेक्ट्रॉन पडले तर गेनमध्येच १० टक्के चूक राहते; एक टक्क्यावर यायला १०,००० लागतात. अपुरा गेन प्रत्येक चित्रावर स्वतःचाच ठसा उमटवतो. मायक्रोस्कोपच्या महागड्या वेळेतून ती मिनिटं काढताना प्रत्येकाच्या जिवावर येतं. तुम्ही ती काढता. कुणी विचारत नाही, कुठल्या शोधनिबंधात त्याची नोंद होत नाही, तरी काढता.

दुरुस्तीनंतर हालचालीचे आलेख वळले. पहिल्या फ्रेमांची ती ओळखीची धाव दिसली. मग तेच कण, तोच बर्फ, आणि नकाशात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या जोडकड्या उभ्या राहिल्या. आमच्या नमुन्याला काहीही झालेलं नव्हतं. ज्या मुलीने ते प्रथिन शुद्ध केलं होतं ती स्क्रीनसमोर रडली, आणि तिला तसं रडता आलं याचं श्रेय तुमचं आहे.

ताई, तुम्हाला आमच्या प्रकल्पाशी काही देणंघेणं नव्हतं. लेखकांच्या यादीत नाव घालू का विचारलं तर नको म्हणालात. ऋणनिर्देशात मात्र तुमच्या परवानगीने दोन ओळी घातल्या आहेत, तिथे तुमचं पूर्ण नाव आहे. कच्च्या मूव्ही आम्ही एम्पायर या सार्वजनिक संग्रहात ठेवत आहोत. त्यांच्यासोबत गेनची फाइल, दोषांची यादी, आणि गेन कोणत्या दिशेने बसवायचा याची स्पष्ट नोंद ठेवली आहे. अलाइन न केलेल्या मूव्हींची बेरीजही जोडली आहे, दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची. नोंदीत काही राहून गेलं असेल तर कृपया कळवा, मी लगेच सुधारेन.

तुमची कृतज्ञ,
पुण्याची एक संशोधक विद्यार्थिनी