आपत्तीत टिकणाऱ्या घराची परीक्षा सांध्यांवर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात मुंबई परिसरातील वास्तुरचना आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे परीक्षण होते. दरडीखालच्या, खाडीकाठच्या, नाल्याकाठच्या वस्त्यांसाठी आपत्तीत टिकणारे कायमचे घर हा विषय त्यांत पुनःपुन्हा येतो. विद्यार्थी तो मनापासून निवडतात आणि त्यांची कळकळ खरी असते. आमची तक्रार परीक्षणाच्या पद्धतीबद्दल आहे. गुण मिळतात ते संगणकावरच्या रंगीत चित्रांना आणि संकल्पनेच्या नावीन्याला. घर मोडते ते मात्र जिथे दोन वस्तू एकमेकींना जोडल्या जातात तिथे: पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचा आडवा वासा), पर्लिन आणि भिंत, भिंत आणि भिंत, भिंत आणि जोते. हे सांधे बहुतेक आराखड्यांत काढलेलेच नसतात.

छपरापासून सुरुवात करू. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणले की दाब निघतो: चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन, सोप्या भाषेत ११८ किलो. छपराचा उतार, घराची उंची, आजूबाजूची दाटी यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांत तो वाढतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. म्हणजे २५ चौरस मीटरच्या छपराला वारा वर उचलतो तो जवळजवळ तीन टनांनी, आणि त्याला खाली धरणारे पत्र्याचे स्वतःचे वजन सव्वाशे किलो.

हे तीन टन कुठून कुठे जाणार, एवढा एक प्रश्न परीक्षकाने विचारला तरी अर्धे आराखडे घरी जाऊन पुन्हा काढावे लागतील. पर्लिनमधले अंतर १.२ मीटर आणि स्क्रूमधले ४०० मिमी असेल, तर एका स्क्रूवर ५५ ते ६० किलोंची ओढ येते. रबरी वॉशर नसलेला किंवा लहान डोक्याचा स्क्रू असेल तर स्क्रू जागेवर राहतो आणि पत्रा भोकाभोवती फाटून निघून जातो. जे-बोल्ट वापरला तर त्याचे वाकवलेले टोक सरळ होते. म्हणून कडेच्या दोन ओळींत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मधे एक सोडून एक चालतो. पुढचा सांधा पर्लिनचा. मुंबईत सर्रास भिंतीत भोक पाडून पर्लिन आत सरकवतात आणि सिमेंटने बुजवतात. वारा वर ओढतो तेव्हा त्या सिमेंटचा काही उपयोग नसतो. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा ओतून, त्यात आधीच सळई किंवा पट्टी गाडून, तिला पर्लिन बोल्टने आवळली पाहिजे. तसे केले की नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन, तीन मीटर उंचीला दर मीटर लांबीमागे सुमारे १.३ टन, छप्पर धरून ठेवायला कामी येते. छपरावर दगड आणि टायर ठेवून हे साधत नाही. वादळात ते शेजारच्या घरावर जाऊन पडतात.

छपराचा पुढे आलेला भाग हा आणखी एक पेच आहे. पावसाळ्यात सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिंत कोरडी ठेवायची तर पागोळ्या लांब पडायला हव्यात. पण पुढे आलेल्या पत्र्याला वारा खालून उचलतो आणि वरून ओढतो, म्हणून तो दीड फुटापेक्षा लांब असू नये. यावर कोकणातल्या घरांत उत्तर आहे: पडवी. मात्र पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे, वेगळ्या खांबांवर हवे. वादळात पडवी गेली तरी तिने घराचे छप्पर सोबत नेता कामा नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यात काय केले आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईच्या बाजूने जाताना काय झाले, हे पाहिलेल्या कुणालाही छप्पर ही दुय्यम बाब वाटणार नाही.

विद्यार्थ्यांचा दुसरा आवडता उपाय म्हणजे पुरासाठी घर खांबांवर उचलणे. पुराला तो योग्य आहे, भूकंपाला घातक ठरू शकतो. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे. खाली नुसते खांब आणि वर विटांच्या भिंती अशा इमारती २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये कोसळल्या, तेही केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर. खालचा मजला मोकळा ठेवायचाच असेल तर दोन्ही दिशांना निदान दोन-दोन गाळ्यांत (दोन खांबांमधल्या जागांत) काँक्रीटची भिंत किंवा तिरके आधार लागतात. शिवाय लोक ती मोकळी जागा वर्षभरात अर्ध्या उंचीपर्यंत विटांनी बंद करतात, कारण मुंबईत मोकळी जागा कुणालाच परवडत नाही. अर्ध्या भिंतीत अडकलेला खांब हलायला उरलेली उंची कमी पडल्याने आखूड होतो, ताठ होतो आणि भूकंपात तिथेच कातरला जातो. म्हणजे आराखडा काढताना ती भिंत उद्या येणार हे धरूनच चालायला हवे.

तरंगत्या घरांबद्दल थोडक्यात. पंधरा टनांचे २५ चौरस मीटरचे घर तरंगायला ६० सेंटीमीटर पाणी आधी चढावे लागते. मग ते खांबांच्या मार्गावर सरळ वर सरकले पाहिजे आणि नळ, गटार, वीज यांच्या जोडण्या त्याच्याबरोबर वाकल्या पाहिजेत. मिठी नदीच्या पाण्यात प्लास्टिक, गाद्या, लाकडे, डेब्रिज येते. एका कोपऱ्याचा मार्ग अडला की घर तिरके होते. मुंबईला याची गरज नाही. मिठीकाठच्या क्रांतीनगरसारख्या वस्तीत उपयोगी पडतील त्या गोष्टी साध्या आहेत: वीजपाट्या जमिनीपासून दीड मीटर वर, तारा छताकडून खाली आणलेल्या, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच, शौचालयाच्या नळीवर उलटे पाणी अडवणारी झडप, आणि माणसे व कागदपत्रे यांच्यासाठी मजबूत पोटमाळा. झडप विसरली तर भरतीच्या वेळी गटाराचे पाणी दारातून यायच्या आधी शौचालयातून घरात येते. आणि पाणी तीन फुटांच्या वर जाणार असेल तर ते आत येऊ द्यावे. बाहेर एक मीटर आणि आत कोरडे असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन रेटा येतो. साडेचार इंची भिंत तो सोसत नाही.

मुंबईत अनेक जीव जातात ते डोंगरउतारावर, आणि तिथे बहुधा घराआधी संरक्षक भिंत पडते. जुलै २०२१ मध्ये चेंबूरचे भारतनगर, जुलै २०१९ मध्ये मालाडचा पिंपरीपाडा: दोन्ही ठिकाणी मुसळधार पाऊस, भिंत आणि तिच्या पायथ्याशी घरे. तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडी माती असेल तर दर मीटर लांबीला सुमारे पावणेतीन टन रेटा येतो. तीच माती पाण्याने पूर्ण भरली की रेटा सहा टनांच्या जवळ जातो, कारण एकट्या पाण्याचाच साडेचार टन असतो. दुप्पट झालेला हा भार काँक्रीट जाड करून पेलण्यापेक्षा पाणी काढून टाकणे स्वस्त आणि खात्रीचे. भिंतीत दीड-दीड मीटरवर ७५ ते १०० मिमी व्यासाच्या नळ्या, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. त्यांच्या मागे फूटभर जाडीची खडीची गाळणी आणि तिच्या व मातीच्या मधे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड. गाळणी नसेल तर नळ्या दोन पावसाळ्यांत मुरमाच्या गाळाने बुजतात आणि भिंत बाहेरून अगदी धडधाकट दिसत राहते. उताराच्या माथ्यावर पाणी वळवणारा चर हवा. वरच्या घरांचे सांडपाणी बंद नळीतून खाली न्यायला हवे, नाहीतर मुरूम आणि कातळ यांच्या मधला थर बारा महिने ओला राहतो. घर अर्धे खणलेल्या जमिनीवर आणि अर्धे भरावावर बसवू नये. भराव दबतो आणि भिंतीला मधोमध तडा जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मुंबईतील दरडप्रवण जागांची पाहणी केली आहे. ज्या प्रकल्पात उताराचा छेद, पाण्याची वाट आणि वरची-खालची घरे दाखवलेली नाहीत, तो उत्तीर्ण होऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. काही जागांसाठी प्रामाणिक उत्तर 'इथे घर नको' हेच असते, आणि तसे हिशेबानिशी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.

साहित्य वस्तीत पोहोचते कसे, हाही आराखड्याचाच भाग आहे. डोंगरावरच्या गल्ल्या तीन-चार फूट रुंद, पायऱ्यांच्या, काटकोनात वळणाऱ्या. तिथे क्रेन जात नाही, तयार काँक्रीटचा ट्रक जात नाही. दोन माणसांना उचलता येईल असा ५० किलोंपर्यंतचा आणि तीन मीटरहून आखूड भाग एवढेच तिथे चढते. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळल्यावर बचावाची यंत्रेसुद्धा वर नेता आली नाहीत; अशा वाडीसाठी कारखान्यात ओतलेल्या भिंतींचे घर सुचवण्यात अर्थ नाही.

बांधणारा असतो नाक्यावरचा गवंडी. त्याला समजेल असे चित्र द्यायचे तर ते असे हवे: जोत्यावर, दाराखिडक्यांच्या वर आणि छपराखाली ७५ मिमी जाडीचा काँक्रीटचा पट्टा, त्यात ८ मिमीच्या दोन सळया, दर १५० मिमीवर ६ मिमीची रिंग. आयएस ४३२६ मध्ये लहान घरांसाठी हे जवळपास तयारच आहे. चूक होते ती कोपऱ्यात. दोन भिंतींच्या सळया कोपऱ्यावर नुसत्या टेकवल्या तर पट्टा तिथेच उघडतो. सळई वळवून दुसऱ्या भिंतीत निदान ४०० मिमी गेली पाहिजे. दारखिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी दूर हवी.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात माणसे गेली ती अशाच सुटलेल्या सांध्यांमुळे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. आरपार जाणारे लांब दगड नव्हते. थर फुगून सुटे झाले आणि माळवदाची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम होती, पण गुरे, कडबा, चूल यांचा विचार कमी पडला आणि लोकांनी शेजारी स्वतःचे आडोसे उभे केले. जे घर वाढवता येत नाही, त्याच्या शेजारी असुरक्षित घर उभे राहते.

मुंबईत हे अधिकच खरे आहे. झोपडपट्टीतल्या घरावर दुसरा मजला चढणारच, मग झोपडीच्या उंचीवरच्या १४ फुटांच्या मर्यादेचे काहीही होवो. म्हणून पाया आणि खांब पहिल्यापासूनच दोन मजल्यांचे धरावेत आणि जिना कुठे येईल ते दाखवावे. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया खाऱ्या हवेत उघड्या ठेवल्या तर गंजून बारीक होतात. त्यांना सिमेंटचा लेप देऊन कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवावे लागते. समुद्राच्या वाऱ्यात उघड्या खांबांना आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी आवरण लागते. सळई साच्यापासून दूर ठेवणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा ठेवला की ते वीस मिमीच राहते. पाड्यांसाठी आराखडा असेल तर खर्चाचा ताळा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घटकाशी घालावा: सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर घर. यात बसत नसेल तर उरलेले पैसे कुठून येणार ते लिहावे.

महाविद्यालयांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना आमच्या तीन सूचना आहेत. गटात वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांबरोबर स्थापत्यचा निदान एक विद्यार्थी सक्तीने असावा आणि परीक्षकांत एक अनुभवी गवंडी किंवा फॅब्रिकेटर असावा, मानधनासह. छपराचा दोन चौरस मीटरचा एक तुकडा खऱ्या मापात बनवावा. तो उलटा टांगून, पत्रा खालच्या बाजूला ठेवून, वाळूच्या गोण्यांनी चौरस मीटरला १२० किलो भार द्यावा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरली की ५० किलोंच्या वर वजन होते, म्हणजे पाच गोण्यांत परीक्षा पुरी होते. तुकडा तुटला तर कुठला स्क्रू आधी गेला ते अहवालात लिहावे. त्यासाठी गुण कापू नयेत. आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाने दरवर्षी जूनमध्ये दोन-तीन खऱ्या जागांचे मोजणी नकाशे, उताराची माहिती आणि पुराच्या पातळ्या महाविद्यालयांना द्याव्यात, म्हणजे नवे शैक्षणिक वर्ष काल्पनिक भूखंडावर सुरू होणार नाही.

आपले,
इमारत-संरचना आणि वास्तुरचना शिकवणारे काही शिक्षक व अभियंते, मुंबई