मुरगळलेला पाय ओढू नका, हे छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्याच्या पानावरचा खेळातल्या दुखापतींचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. वॉर्मअप करा, पाणी प्या, बूट नीट घाला, सगळं मान्य, पण "पाय मुरगळल्यास त्वरित गरम तेलाने मालीश करून शेक द्यावा" हे वाक्य छापायच्या आधी एखाद्या हाडांच्या डॉक्टरला दाखवलं होतं का? बडोद्याच्या मराठी घरांत अजून पेपरात आलं म्हणजे खरंच असणार असं धरून चालतात, माझ्याच घरी ते कात्रण आज सकाळी फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

मी इतकी का चिडले ते सांगते. माझी मुलगी नववीत आहे, खो-खो खेळते. प्रॅक्टिसला खांबाजवळ वळताना तिचा पाय आतल्या बाजूला मुडपला. मैदानावर जे सर होते त्यांनी तिला खाली बसवलं, बोटं हलवून दाखव म्हणाले, तिने हलवली, तर "बोटं हलतायत ना, मग हाड शाबूत आहे, नस चढलीय" असं म्हणून एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पंजा धरून दिला झटका. पोर किंचाळली तर म्हणे सहन करायला शीक. वर बाम खसाखसा चोळला आणि चालत राहा नाहीतर पाय आखडेल म्हणून ग्राउंडला चक्कर मारायला लावली. मी पोचले तेव्हा मोजा निघत नव्हता, कात्रीने कापावा लागला, घोट्याचं हाड सुजेत दिसेनासं झालं होतं. शेजारच्या काकू मायेने आंबेहळद गरम करून घेऊन आल्या, त्यांना हात जोडले आणि रिक्षात घालून थेट डॉक्टरकडे नेलं.

एक्स-रेत करंगळीच्या मागे जे लांब हाड असतं त्याच्या बुडाचा तुकडा सुटलेला. घोटा आत मुडपला की हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटसोबत हे हाडही जाऊ शकतं, आणि हाड मोडलं तरी बोटं हलतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरांच्या झटक्यानेच मोडलं असं मी म्हणत नाही, पण मोडलेल्या पायाला झटका दिला आणि त्याच पायावर चालवलं हे तर खरं ना!

डॉक्टरांनी काय केलं? आधी विचारलं चार पावलं टाकता येतात का, मग घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला आणि त्या करंगळीकडच्या हाडाच्या बुडाशी बोटाने दाबून बघितलं. चार पावलं टाकवत नसतील किंवा तिथे हाडावरच दुखत असेल तर एक्स-रे काढायचा, याला ओटावा नियम म्हणतात, कॅनडात १९९२ साली आलेले आहेत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कुठल्याही पीटीच्या सरांना शिकवता येईल. हे तुमच्या लेखात एका ओळीतही नाही.

पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि चोळणं तर नकोच, आत रक्त साकळत असतं ते आणखी वाढतं. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, तोही दुखणं कमी व्हावं म्हणून, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. आणि तुमच्या लेखातली ती "१५ दिवस संपूर्ण विश्रांती", तेही जुनं झालं. विश्रांती-बर्फ-दाब-उंची हा फॉर्म्युला १९७८ मध्ये देणारे अमेरिकेतले डॉक्टर मिर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. फ्रॅक्चर नसेल तर दुखेल न दुखेल इतपत हालचाल लवकर सुरू करायची, मग एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा व्यायाम, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो, आणि आपल्याकडे सूज उतरली की पोरांना लगेच मैदानात उतरवतात.

कोणी म्हणेल बडोद्याला तालमीतल्या हाताने हाडं बसवायची परंपरा आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखा जुना आखाडा आहे, तो चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांचं नाव आहे. मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे, म्हणूनच सांगते, त्यांनी त्या विद्येला जन्म वाहिला होता, शिट्टी गळ्यात घातली म्हणून कोणाच्या हाताला ती येत नाही. आपल्याच बडोद्याच्या हार्दिकचा २०२३ च्या वर्ल्ड कपात पुण्याला घोटा मुरगळला, ओव्हरचे उरलेले तीन बॉल कोहलीने टाकले, हार्दिकला स्कॅनला नेलं. इतके फिजिओ, डॉक्टर दिमतीला असून उरलेला वर्ल्ड कप हुकला त्याचा, मग आमच्या पोरींच्या पायाला झटके का?

येत्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा, कोपऱ्यात नको.

आणि हो, नवरात्र झाली की गरब्याच्या मंडपाचे बांबू काढून नेतात पण खड्डे तसेच सोडतात, वर गवत वाढतं आणि त्याच ग्राउंडवर मुलं पळतात. आमच्या इथल्या ग्राउंडवर हात मनगटापर्यंत आत जाईल असे खड्डे आहेत. पालिकेला लिहून झालं, तोंडी सांगून झालं. तुमचा फोटोग्राफर पाठवा, कुठल्याही संध्याकाळी मी स्वतः दाखवते.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा