पेंटबॉललाही क्रीडापानावर जागा द्या

महोदय,

मुंबईत पेंटबॉल म्हणजे ऑफिसच्या सहलीतली तासाभराची करमणूक, एवढीच ओळख आहे. खरे तर हा डावपेचांचा सांघिक खेळ; रंग भरलेल्या गोळ्या झाडून प्रतिस्पर्ध्यांना बाद करायचे. 1981 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात पहिला सामना झाला, तेव्हा 12 खेळाडूंमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकी क्रीडा मासिकाचा एक लेखक होता. त्याच्या लेखामुळे खेळाची माहिती दूरवर पोहोचली. आणि जिंकला कोण, तर एकही गोळी न झाडता, जिंकण्यासाठी लागणारे झेंडे गोळा करणारा एक वनकर्मी! असे किस्से आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

2014 मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली, समालोचकांनी चढाई-पकडीतले बारकावे उलगडले आणि मैदानाकडे कधी न फिरकलेली माणसेही सामने पाहू लागली. पेंटबॉल कॅमेऱ्यात पकडणे अवघड आहे, हे मान्य. खेळाडू आडोशामागे असतात, गोळी नजरेला दिसत नाही. म्हणूनच नुसते रंगलेल्या चेहऱ्यांचे फोटो पुरत नाहीत. कोणी कोणाला आडोसा दिला, डाव कुठे फिरला, हे लिहिणारा वार्ताहर हवा. मैदानात मास्क का काढायचा नाही, हेही ठळक छापा. पालकांची पहिली शंका सुरक्षिततेचीच असते.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई