सूचना : शनिवारी ऐरोलीला येण्याआधी जेनकिन्सचा जॉब एकदा चालवून या

मंडळी, शनिवारी विषय एकच, दोन-तीन रिपोंपैकी (रिपो म्हणजे कोड ठेवायची रिपॉझिटरी) कशातही पुश झाला, म्हणजे नवा बदल चढवला, की जेनकिन्समधे, म्हणजे कोड आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर, बिल्ड आपोआप सुटलं पाहिजे. घरूनच पाइपलाइन जॉब (बिल्डच्या पायऱ्या स्क्रिप्टमधे लिहिलेला जॉब) बनवून आणा, प्रत्येक रिपोचा चेकआउट (कोड उतरवून घेणं) वेगळ्या फोल्डरमधे घ्या नाहीतर फायलींचा गोंधळ होतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॉब एकदा हाताने चालवाच, कारण पहिल्या रनशिवाय जेनकिन्सला कळतच नाही की नजर कुठल्या रिपोंवर ठेवायची आणि मग लोक पोलिंग (रिपोत नवं काही आलंय का हे ठरावीक वेळाने तपासणं) चालू असूनही बिल्ड का सुटत नाही म्हणून तासभर डोकं धरून बसतात. ज्या रिपोच्या बदलाने बिल्ड नकोय, उदाहरणार्थ नुसतं डॉक्युमेंटेशन, तिथे चेकआउटमधे पोल फॉल्स (poll: false) करा, म्हणजे त्या रिपोवर नजर राहणार नाही. एका जॉबला अनेक रिपो जोडणारं जुनं मल्टिपल एससीएम प्लगइन नका घेऊ, पाइपलाइनच बरी.

गिटहब अॅक्शन्सवाल्यांनो (जेनकिन्सऐवजी गिटहबची स्वतःची बिल्डची सोय वापरणाऱ्यांनो), एका रिपोतला पुश दुसऱ्या रिपोचा वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) स्वतःहून सुरू करत नाही, रिपॉझिटरी डिस्पॅच (दुसऱ्या रिपोला 'सुरू कर' सांगणारा संदेश) पाठवावा लागतो, आणि वर्कफ्लोचं नेहमीचं टोकन (प्रवेशाची गुप्त किल्ली) त्याच रिपोपुरतं असतं म्हणून वेगळं टोकन बनवून रिपोच्या सेटिंग्जमधल्या सिक्रेट्समधे ठेवा. टोकन ग्रुपवर पेस्ट करू नका प्लीज, खरंच!

ठाण्याहून येणारे ट्रान्सहार्बर लोकल पकडा, सकाळी अकराला ऐरोली स्टेशनबाहेर भेटू. चार्जर आणा.